सुई नेमकी कुठे

डॉक्टर मेंग,

तुम्हाला मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. सहा वर्षं आपण इंग्लिशमध्ये बोललो. माझं इंग्लिश पुस्तकी, तुमचं मोजक्या शब्दांचं, आणि दोघींचं सगळं एका 'यू'मध्ये भागायचं. तुम्हाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', हे ठरवायची वेळच कधी आली नाही. मग आठवलं, तुमच्याही भाषेत दोन असतात. एक बरोबरीच्यांसाठी, एक मोठ्यांसाठी. मोठ्यांसाठीचा लिहिताना खाली काळजाचं अक्षर काढतात, हे तुम्हीच मला दुकानातल्या पावतीच्या मागे काढून दाखवलं होतं. तेव्हा 'तुम्ही'च.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. तुमची मुलगी परवा परत गेली. तिला एअरपोर्टवर सोडून येताना मी मुद्दाम ब्रॅकनेलच्या बाजारपेठेतून, त्या शॉपिंग प्रिसिंक्टमधून चालत आले. आपलं दुकान होतं तिथे आता मोबाईलचे कव्हर विकतात. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. त्या दुकानावर आपल्या दोघींचंही कधी प्रेम नव्हतं.

मी तिथे लागले ते घरात बसून कंटाळले म्हणून. मंदारच्या नोकरीमुळे आम्ही इथे इंग्लंडमध्ये आलो. तो सकाळी आयटी पार्कमध्ये जायचा, सम्यक शाळेत, आणि मी, नागपूरहून आयुर्वेदाची पदवी घेतलेली, तीन वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेली बाई, दुपारभर खिडकीतून राउंडअबाउटला वळसा घालणाऱ्या गाड्या बघत बसायची. माझी पदवी इथे कुठल्याच खात्यात बसत नव्हती. जॉब सेंटरमधल्या बाईने फॉर्मवर 'हेल्थ अँड ब्युटी' लिहिलं आणि मला चिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर पाठवलं. तेव्हा प्रत्येक गावात अशी दुकानं निघत होती. बेकरी आणि मोबाईलच्या दुकानाच्या मधे काचेत तो प्लास्टिकचा माणूस उभा, अंगभर सुया टोचायच्या जागांच्या रेघा आणि ठिपके काढलेला, आणि शनिवारी शॉपिंगला आलेले लोक त्याच्याकडे बघत हसत पुढे जायचे. त्यातला एखादा पुढच्या आठवड्यात कंबर धरून आत यायचा.

पहिल्या दिवशी तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आलात. पांढरा कोट, आखूड केस, चष्मा दोरीला. मी म्हटलं, मीसुद्धा डॉक्टर आहे, इंडियन मेडिसिन. तुम्ही मनगट पुढे केलंत. ती परीक्षा होती हे मला कळलं. मी तीन बोटं ठेवली, आमच्याकडे शिकवतात तशी. तुम्ही त्या तीन बोटांकडे टक लावून पाहिलंत, मग माझं मनगट ओढून त्यावर आपली तीन बोटं तशीच ठेवलीत. मी म्हणाले, "यू डोन्ट स्लीप." तुम्ही म्हणालात, "यू, अँग्री." दोघींचंही खरं होतं. त्या दिवसापासून मी तुम्हाला डॉक्टर म्हणू लागले. इतर सगळे तुम्हाला 'लेडी' म्हणायचे.

तुमच्या शहरात तुम्ही मोठ्या इस्पितळात पंचवीस वर्षं काम केलं होतं, तुमच्या हाताखाली डझनभर डॉक्टर होते. हे तुम्ही नाही सांगितलंत, बऱ्याच दिवसांनी एका फोटोवरून मला कळलं. इथे तुमचं वर्क परमिट दुकानाच्या कंपनीशी बांधलेलं. काउंटरवरच्या बाईने, म्हणजे मी, गिऱ्हाइकाला दहा बैठकांचा कोर्स आणि चहाची पाकिटं विकायची, अशी पद्धत होती. तुम्ही आतून हळूच बोटं दाखवायचात: तीन. म्हणजे याला तीन बैठका पुरे. मी तीनच विकायची. आपल्या शाखेची विक्री सगळ्यांत कमी का, हे एरिया मॅनेजरला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुपारी गर्दी नसली की आपण चहा घ्यायचो आणि मी तुमच्याशी भांडायची. माझं एकच म्हणणं असायचं: तुमचं इथपर्यंत आलं, आमचं का नाही आलं? आमचं तुमच्याइतकंच जुनं, तितकीच मोठी पुस्तकं. एकदा तुम्ही कंटाळून उत्तर दिलंत. म्हणालात, सुई लहान असते, खिशात मावते. तुझ्या औषधाला स्वयंपाकघर लागतं. मला राग आला आणि हसूही आलं, कारण नागपूरच्या दवाखान्यात मागच्या खोलीत दिवसभर काढे उकळत असायचे आणि घरमालकीण त्या वासाबद्दल रोज तक्रार करायची.

त्याच सुमारास मिसेस पामर आल्या. निवृत्त लायब्रेरियन, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना उपचारापेक्षा माहितीत जास्त रस. एक दिवस त्या जुन्या वैद्यकीय नियतकालिकांच्या फोटोकॉपी घेऊन आल्या. त्यांनी शोधून काढलं होतं की पावणेदोनशे वर्षांपूर्वीही इंग्लंडमधले डॉक्टर संधिवातावर सुया टोचत होते, लीड्सच्या इस्पितळात तर बरीच वर्षं. ते शिकले फ्रेंच पुस्तकांतून, आणि त्याच्याही आधी डच कंपनीचे वैद्य जपानातून ही विद्या युरोपात घेऊन आले होते. तुम्ही मला ते तीनदा वाचायला लावलंत. 'जपान' ऐकल्यावर तुमचा चेहरा आंबट झाला. ते आमच्याकडूनच शिकले, म्हणालात. मग विचारलंत, इथल्या डॉक्टरांना येत होतं, तर मग ते गेलं कुठे? मिसेस पामर म्हणाल्या, विसरले. दुसरी औषधं आली, फॅशन बदलली, विसरले. तुम्ही बराच वेळ त्यांच्या गुडघ्यातल्या सुया हलक्या हाताने फिरवत राहिलात आणि म्हणालात, म्हणजे मी इथे नवीन काही आणलं नाही, फक्त आठवण करून द्यायला आले. ते म्हणताना तुम्ही खूश होतात. आपण इथे आगंतुक नाही, असं त्या दिवशी तुम्हाला पहिल्यांदा वाटलं असावं. मला तरी तसं वाटलं.

टेरीचं मला लिहायलाच हवं, कारण त्यानंतर माझं आयुष्य बदललं आणि तुम्ही ते कधी मान्य केलं नाहीत.

टेरी पोस्टमन होता. पाठदुखीसाठी त्याने पूर्ण कोर्स घेतला होता, मॅनेजर त्या दिवशी दुकानात असल्यामुळे दहाचा. तिसऱ्या वेळी तो आला तो दोन्ही पाय ओढत. तुम्ही त्याला टेबलावर घेतलं नाहीत. उभ्यानेच काहीतरी विचारलंत, त्याला कळेना. तुम्ही पडदा सारून मला हाक मारलीत. मांडीच्या आतल्या बाजूकडे, बसायच्या जागेकडे हात दाखवलात आणि म्हणालात, "हिअर, लाइक कॉटन?" मला लगेच कळलं. कॉलेजात एका तासाला शिकवलेलं, कधी पाहिलेलं नाही. मी टेरीला विचारलं, तिथे बधिर वाटतं का, शेवटची लघवी कधी झाली. तो लाजला, मग म्हणाला, काल रात्रीपासून नाही. मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला जातो तेव्हा असं होतं, आणि काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर माणूस कायमचा अधू होतो. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. मॅनेजर नेमका त्या दिवशीही आलेला, तो म्हणत राहिला की कोर्स झालेला नाही, आधी आजची बैठक द्या, बरं वाटेल. तुम्ही दारात उभ्या राहिलात, हात मागे बांधून, आणि त्याला आत येऊ दिलं नाहीत. उंची पाच फूट. तो थांबला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या दोघींना समोर उभं केलं. म्हणाला, तुम्ही दोघी डॉक्टर नाहीत, निदान करायचा तुम्हाला अधिकार नाही. बाहेर काचेवर मात्र मोठ्या अक्षरांत 'डॉक्टर मेंग' लिहिलेलं होतं. मी त्याच दिवशी नोकरी सोडली. तुम्ही सोडू शकत नव्हतात, परमिटला अजून दोन वर्षं होती. मी तावातावाने म्हटलं, तक्रार करू, वर्तमानपत्रात लिहू. तुम्ही टॉवेलच्या घड्या घालत होतात. घड्या संपल्यावर म्हणालात, "टेरी वॉक. इनफ."

टेरी खरंच चालू लागला. तीन महिन्यांनी काठी घेऊन आला, सहा महिन्यांनी काठीशिवाय. त्या दिवशी नेमकी मी तुम्हाला भेटायला आले होते. त्याने आभार मानायला तुमचा हात हातात घेतला आणि तुम्ही सवयीने नाडीच बघायला लागलात. तो बिचारा हात तसाच पुढे धरून उभा राहिला, त्याला वाटलं चिनी लोकांत असेच आभार घेतात.

तिथून तुम्ही माझ्या मागे लागलात. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचात आणि पर्समधून एखादं माहितीपत्रक काढायचात. नर्सिंग, रेडिओग्राफी, फिजिओथेरपी. मी म्हणायची, साडेपाच वर्षं शिकून झालं, आता पस्तिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर? तुम्ही मंदारला साक्षीदार करायचात. तो तुमच्या बाजूने बोलायचा आणि वर तुमच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायचा. सम्यक दार उघडून ओरडायचा, "आई, चिनी आजी आला!" मी दर वेळी म्हणायची, आली, आला नाही. एक दिवस तुम्ही विचारलंत तो काय चुकतो. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, आमच्या भाषेत यात चूकच होत नाही, तुमची भाषा उगाच त्रास देते.

आमच्या हॉलमधली बुद्धांची मूर्ती पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा तुम्ही दारातच थांबलात. मी सांगितलं, आमच्या घरात आजोबांपासून आहे. तुम्ही म्हणालात, तुमच्या आजीकडेही होती, हाताएवढी. वाईट दिवसांत, पूजेला बंदी होती तेव्हा, ती पिठाच्या रांजणात लपवून ठेवायची आणि रोज पीठ काढताना तेवढ्यात नमस्कार करून घ्यायची. त्या रविवारी तुम्ही जेवणाआधी मूर्तीसमोर आमच्याबरोबर बसलात. त्रिशरण म्हणताना शब्द येत नव्हते, सूर मात्र बरोबर धरलात.

मी शेवटी फिजिओथेरपीला गेले. तीन वर्षं. त्याच काळात तुमचं परमिटचं बंधन संपलं आणि तुम्ही कम्युनिटी सेंटरमध्ये मागची खोली आठवड्यातून चार दिवस घेतलीत. तीन पलंग, मधे पडदे. दुकानातली निम्मी माणसं तुमच्या मागोमाग तिकडे आली. मिसेस पामर तर चहाचं खातं सांभाळू लागल्या. माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही मला तुमच्या पलंगावर झोपवलंत, कानापाशी दोन सुया घातल्यात आणि पडदा ओढून घेतलात. मी दोन तास झोपले. पास झाल्याचं पत्र आलं तेव्हा मंदारच्या आधी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "गुड. नाऊ लर्न मोर."

आणि मग मी मोर शिकले, त्यावरून आपलं खरं भांडण झालं.

हॉस्पिटलच्या पेन क्लिनिकमध्ये लागल्यावर मला ॲक्युपंक्चरच्या कोर्सला पाठवलं. दोन वीकेंड. हे ऐकून तुम्ही पहिल्यांदा हसलात, मग गंभीर झालात. मी पाच वर्षं शिकले, म्हणालात, आणि तुम्ही लोक शनिवार-रविवार? मला ते लागलं. 'तुम्ही लोक' या शब्दांनी जास्त. मी जरा जोरातच सांगितलं की कोर्समध्ये 'ची' म्हणजे प्राणशक्ती वगैरे शिकवत नाहीत, नसा आणि स्नायू शिकवतात. आणि तेवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, इथे लोकांनी तपासून पाहिलंय. सुई बरोबर जागी टोचली काय किंवा जरा बाजूला, बऱ्याच पेशंट्सना जवळपास सारखंच बरं वाटतं.

तुम्ही सुयांचं पाकीट खाली ठेवलंत. विचारलंत, चुकीच्या जागी सुई टोचणारा माणूस पेशंटजवळ किती वेळ बसला? मी म्हटलं, तेवढाच, अर्धा तास. तुम्ही मान हलवलीत, जणू अर्ध उत्तर मिळालं. पण बाकीचं अर्धं, जागेचं, तसंच राहिलं, आणि तुमचा चेहरा मी पहिल्यांदा इतका उतरलेला पाहिला. मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, जी आधी कुणाला सांगितली नव्हती.

तुम्ही विद्यार्थिनी होतात तेव्हाची. परदेशी डॉक्टर पाहुणे म्हणून यायचे आणि त्यांना काचेआडून ऑपरेशन दाखवायचे. एका बाईच्या गळ्याची गाठ काढत होते. भूल नाही, फक्त सुया. तुमचं काम तिचा हात धरून बसण्याचं. ऑपरेशन झाल्यावर ती उठून बसली, संत्र्याची फोड खाल्ली, पाहुण्यांना हात केला. पाहुणे टाळ्या वाजवत राहिले, घरी जाऊन त्यांनी लेख लिहिले, आणि तिथून पश्चिमेकडची वाट एकदम रुंद झाली. तिच्या सलाईनमधून आणखीही औषध जात होतं, हे पाहुण्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. तुम्हीही नाही.

मी म्हटलं, म्हणजे हे सगळं खोट्यावर उभं आहे?

तुम्ही माझ्याकडे सरळ बघून, एकेक शब्द शोधत बोललात. ते मी मराठीत लिहिते, कारण त्या दिवशी तुमचं इंग्लिश अपुरं पडत होतं आणि तरी मला सगळं कळलं होतं.

"त्याच्या आधी चार वर्षं मी खेड्यात होते. अठरा वर्षांची. औषध नव्हतं, सुई होती. शेतात वाकून पाठ धरलेल्या बायका यायच्या आणि सरळ होऊन जायच्या. ते बघायला कुणी आलं नाही. ते खोटं नव्हतं."

मग म्हणालात, उशीर झाला, जागेचं नंतर बोलू. तीन आठवडे आपण बोललो नाही. चौथ्या रविवारी तुम्ही डंपलिंगचा डबा घेऊन आलात आणि सम्यकला त्याच्या गणिताबद्दल विचारलंत. मीही विषय काढला नाही. मला वाटलं, वेळ आहे.

वेळ नव्हता. हिवाळ्यात तुमची भूक गेली. तुम्ही स्वतःची नाडी स्वतः पाहिली असणार, कारण स्कॅनचा रिपोर्ट यायच्या आधीच तुम्ही खोलीचे पलंग कुणाला द्यायचे ते ठरवून टाकलं होतं. केमो घ्यायची नाही, हे तुम्ही कन्सल्टंटला इतक्या शांतपणे सांगितलंत की त्यालाच धीर आला. तुमची मुलगी आली. तिच्या आणि माझ्यात भाषा नव्हती. आम्ही दोघी तुमच्या छोट्या किचनमध्ये तांदळाची पेज करायचो, एक दिवस तिच्या पद्धतीची, एक दिवस माझ्या.

मार्चमधल्या त्या दुपारी तुम्हाला मळमळ थांबत नव्हती. घरी येणारी डिस्ट्रिक्ट नर्स गोळी देऊन गेली होती, ती पोटात राहिली नाही. तुम्ही उजवं मनगट चादरीवर उलटं ठेवलंत आणि मला म्हणालात, "यू डू."

मी म्हटलं नाही की जागा कुठेही चालते. मी हात धुऊन आले. जागा मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधे. मी माझी बोटं ठेवणार, एवढ्यात लक्षात आलं, माप वैद्याच्या बोटांचं नसतं, ज्याला दुखतंय त्याच्या बोटांचं असतं. तुमच्या शास्त्रातही आणि माझ्याही. म्हणून मी तुमचा डावा हात उचलला आणि तुमचीच तीन बोटं तुमच्या मनगटावर टेकवली. किती बारीक झाली होती. मी त्या बोटांच्या कडेला नखाने खूण केली. खूण पुसून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. तुमचे डोळे मिटलेले होते, पण मी काय करते आहे ते तुम्हाला कळत होतं, कारण तिसऱ्या वेळी तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

सुई घातली. तुम्ही हळूच म्हणालात, "येस. देअर."

मी पलंगाजवळ अर्धा तास बसले, मग आणखी अर्धा तास. बाहेर शाळा सुटल्याचा आवाज येत होता. तुमचा श्वास सावकाश झाला. मी सुई काढली, कापूस दाबून धरला. किचनच्या दारातून तुमच्या मुलीने पेज आणू का विचारलं, म्हणजे भुवया उंचावल्या. तुम्ही होकारार्थी मान हलवलीत. त्या दिवशी पेज माझ्या पद्धतीची होती, जिरं आणि मीठ घातलेली. तुम्ही वाटी स्वतःच्या हातात घेतलीत आणि सगळी प्यायलात.